करिता, वैदेही

या मंडळी, जरा अशी पुढं सरका. मागं खांबाला टेकलेल्यांनी तर आधी पुढं या. आज कीर्तन नाही, त्यामुळं डुलकी लागली तर ती समाधी म्हणून खपायची नाही. चहाला आधण ठेवलंय. ते उकळेपर्यंत एक गोष्ट सांगतो. आमच्या लासुर्ण्याचे रघुनाथराव उतारवयात बारामतीच्या कॉलेजात संख्याशास्त्राच्या तासाला जाऊन बसले, आणि नातीची अडकलेली शिष्यवृत्ती सोडवायला निघालेला हा माणूस तिचा प्रवेशच रद्द होण्याच्या गोष्टीपर्यंत कसा पोचला, त्याची ही गोष्ट. हसायला हरकत नाही. फक्त त्यांच्यासमोर हसू नका, त्यांना लागतं.

रघुनाथराव पाटबंधारे खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. काळी टोपी, कपाळाला बुक्का आणि सदऱ्याच्या खिशाला दोन पेनं, एक निळं, एक लाल. निवृत्तीनंतर लाल पेनाला काम उरलं नाही, म्हणून ते त्यानं लग्नपत्रिकांमधल्या चुकांवर खुणा करतात. कागद कुठलाही असो, आपल्याला तो कळतो अशी त्यांची एक खात्री. आणि कीर्तन पळसदेवला असो की सोमेश्वरनगरला, पहिल्या रांगेत आपल्याला जागा आहे ही दुसरी. या दोन खात्र्यांवर त्यांचं बरं चाललं होतं.

आता सप्ताहाचं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं उमगायचं नाही. माघात आमच्याकडं अखंड हरिनाम सप्ताह बसतो. सप्ताह चालू आहे तोवर कुणीतरी गळ्यात वीणा घेऊन मंडपात उभं असतं. वीणा खाली टेकवायची नाही. ज्याचा पहारा संपला तो पुढच्याच्या गळ्यात ती घालतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात, नाम चालूच. हे पहारे घरांना वाटून दिलेले असतात. मंडपाच्या तोंडाशी फळा, त्यावर घरातल्या कर्त्याचं नाव. कर्त्याला ताप आला तर मुलगा उभा राहतो, मुलगा ऊसतोडीवर असला तर पुतण्या. घरातलं कुणीही उभं राहिलं की त्या घराचा पहारा भरला. देव काही ओळखपत्र बघत नाही.

रघुनाथरावांच्या घराचा पहारा भर दुपारचा. सकाळचं पारायण आटोपलेलं, रात्रीच्या कीर्तनाला अवकाश, पंगती उठून मंडळी जागा मिळेल तिथं आडवी झालेली. मंडपात एक वीणेकरी, एक कुत्रं आणि माइकची घरघर. हा पहारा कुणालाच नको असतो. रघुनाथरावांनी तो वर्षानुवर्षं मिरवला होता. "गर्दीत कुणीही उभं राहील," ते म्हणायचे. "दुपारी उभं राहायला माणूस लागतो."

तर त्या वर्षी सप्ताह तोंडावर आला आणि ह्या माणसाचा उजवा गुडघा धरला. मोरीतून उठताना जो धरला तो सुटेचना. डॉक्टरकडं जायचं नाही, कारण डॉक्टरकडं गेलं की गावाला कळतं, आणि गावाला कळलं की पहारा जातो. त्यांची नात वैदेही बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, रोज एस.टी.नं बारामतीला जाऊन येऊन शिकणारी. ती कॉलेज बुडवून घरी राहिली. तिनं गुडघ्याला तेल चोळलं, शेक दिला, आणि तरी आजोबांना उभं राहता येईना तेव्हा हळूच म्हणाली, "आबा, वीणा मी घेते. तुम्ही खुर्चीत बसा. कुणी विचारलं तर सांगा, पोरीची हौस आहे."

रघुनाथरावांनी तेच सांगितलं. सांगता सांगता त्यांना ते खरंही वाटायला लागलं. "नातीला सेवेची फार ओढ हो. हट्टच धरला. म्हटलं, घे बाई." भजनी मंडळाचे प्रमुख महिपतीबुवा, ते तर गहिवरले. सप्ताहभर दुपारी ती पोरगी एकटी उभी राहिली, आणि शेवटच्या, काल्याच्या दिवशी बुवांनी तिची ओढ माइकवरून जाहीर करून तिच्या हातात नारळ दिला. तिकडं बारामतीत वर्गामध्ये तिच्या नावापुढं काय लागत होतं, ते माइकवर कुणी सांगितलं नाही.

मार्चमध्ये वैदेहीच्या फोनवर संदेश आला. पुण्याचा एक न्यास तिच्या फीला आणि पुस्तकांना मदत करायचा. तिचे वडील मिहिर एमआयडीसीत कंत्राटावर, म्हणजे कंत्राट असेल तोवर कामगार आणि नसेल तेव्हा घरी पेपर वाचणारे. ही मदत थांबली तर तिसरं वर्ष नाही, हे घरात कुणी बोललं नव्हतं, पण म्हशीलासुद्धा ठाऊक होतं. संदेश असा: "आपली शैक्षणिक प्रगती समाधानकारक नसल्याने पुढील साहाय्य स्थगित करण्यात येत आहे."

रघुनाथरावांनी तो चष्मा लावून वाचला, चष्मा काढून वाचला. मग एका कागदावर उतरवून घेतला, कारण फोनवरचा मजकूर त्यांना पक्का वाटत नाही. 'समाधानकारक'च्या खाली लाल रेघ मारली.

"पण ही वर्गात पहिली आली की! पहिल्याच्या पुढं आणखी कुठं प्रगती करायची?"

"कुणाचं समाधान व्हईना त्ये आधी इचारा," चुलीपाशी भाकरी थापत असलेल्या अनसूयाबाई, म्हणजे त्यांची बायको, म्हणाल्या. "मी जलमभर तुमचं समाधान करतीया. मला कदी असा कागद आला न्हाय, बोलूनच दावता."

"आजी, हजेरीचं असणार," वैदेही म्हणाली. "मी मागंच म्हटलं होतं..."

"हजेरीचा आणि प्रगतीचा काय संबंध?" रघुनाथरावांनी तिला मध्येच तोडलं. "खात्यात कितीतरी जण रोज वेळेवर हजर असायचे. एकाची प्रगती झालेली मी पाहिली नाही."

एवढ्यात शेजारचे मानसिंगराव आले. मानसिंगराव ऊस बागायतदार. कारखान्याच्या निवडणुकीत दोनदा पडल्यामुळं हातात पद नाही, पण सल्ल्याला तोटा नाही. त्यांनी कागद वाचला, मिशीवरून बोट फिरवलं आणि निकाल दिला.

"सोपं हाय, आबा. ऊस वजनाला भरला, पर साखरंचा उतारा न्हाय लागला. मार्क म्हंजी वजन. प्रगती म्हंजी उतारा."

"मग तो उतारा वाढवायचा कसा?"

"त्ये लॅबवाल्याच्या हातात असतंय. तितं कुनी वळखीचं हाय का बगतो."

या खुलाशानं रघुनाथरावांना बरंच समजल्यासारखं वाटलं, आणि अशा वाटण्यातूनच पुढची सगळी भानगड झाली.

दुसऱ्या दिवशी ते आणि वैदेही एस.टी.नं बारामतीला निघाले. हंगामाचे शेवटचे दिवस. एस.टी.च्या पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, ट्रॅक्टरवर मोठ्यानं गाणी, आणि ओव्हरटेक करायला रस्ता नाही. जंक्शन गाव येईपर्यंत रघुनाथराव घड्याळ बघत राहिले. "रोज असंच?" त्यांनी विचारलं. "रोज," वैदेही म्हणाली. "पहिला तास ट्रॉलीतच जातो माझा."

कॉलेजात त्यांनी आधी परीक्षा विभागात रांग लावली. तिथं नंबर आल्यावर कळलं, हे विद्यार्थी विभागाचं काम. विद्यार्थी विभागानं ग्रंथालयाकडं पाठवलं. का, ते ग्रंथालयालाही कळलं नाही, पण त्यांनी पुस्तकं थकलेली नाहीत असा दाखला मात्र दिला. रघुनाथरावांनी तो जपून ठेवला. आयुष्यभर स्वतः लोकांना या खिडकीतून त्या खिडकीत पाठवलेला माणूस आज खिडकीच्या बाहेर उभा होता, आणि बाहेरून ती खिडकी फारच लहान दिसत होती.

शेवटी शिष्यवृत्तीच्या टेबलावरच्या राजेश्वरी मॅडम भेटल्या. बाई स्वभावानं बऱ्या. त्यांनी बोटांवर मोजत समजावलं. "काका, मदत चालू राहायला तीन गोष्टी लागतात. मार्क, क्रेडिट आणि हजेरी. मार्क उत्तम आहेत. क्रेडिट पूर्ण आहेत. हजेरी पंच्याहत्तर टक्के लागते, ती भरत नाही. तिन्ही मिळून प्रगती."

"थोडक्यासाठी अडलंय ना? मग थोडी सूट द्या. आम्ही खात्यात द्यायचो."

"तुम्ही पाण्यात द्यायचा. ही हजेरी आहे."

"आणि तिची एस.टी. रोज ट्रॉलीच्या मागं अडकते, त्याचं काय?"

"काका, ट्रॉलीची हजेरी शंभर टक्के असेल हो. मी मुलीची बघते." मग त्यांना दया आली. "हे बघा, महिनाअखेरपर्यंत संख्याशास्त्राचे जादा तास ठेवलेत. ते बसून हजेरी भरून काढा. टक्का पुरा झाला की मी न्यासाला कळवते."

रघुनाथराव खुशीत बाहेर आले. पण कडुनिंबाखाली उभी असलेली वैदेही रडकुंडीला आलेली. "आबा, त्याच वेळेला माझं केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल असतं. ते चुकवलं तर त्याची हजेरी जाते. एका वेळी दोन्हीकडं कशी बसू मी?"

मंडळी, इथं जरा थांबा आणि ह्या माणसाच्या डोक्यात शिरा. आयुष्य गेलं कालव्याच्या पाळ्या लावण्यात. पाळी नावावर असते, पण रात्री दारे धरून पाणी वळवायला घरातलं कुणीही उभं राहिलं तरी पाणी त्याच घराच्या शेताला मिळतं. सप्ताहात पहाऱ्याचंही तेच. आणि कचेरीत? साहेब दौऱ्यावर असले की अव्वल कारकून कागदावर "करिता, उपअभियंता" असं लिहून स्वतःची सही ठोकतो आणि तो कागद साहेबाचाच धरला जातो. शेतात, देवाच्या दारात आणि सरकारात जे चालतं ते कॉलेजात का चालू नये? शिवाय आतमध्ये एक काटाही होता. नात त्यांच्या जागी उभी राहिली होती. आता ती अडली होती.

"तू प्रॅक्टिकलला जा," ते म्हणाले. "जादा तासाचं मी बघतो."

"अर्ज देणार का, आबा?"

"बघतो म्हटलं ना."

आणि दुसऱ्या दिवसापासून रघुनाथराव जादा तासाला बसायला लागले.

मागचे बाक अरुंद. गुडघा मावेना. म्हणून ते पहिल्या बाकावर, कडेला, पाय लांब करून बसले. वही उघडली, दोन्ही पेनं काढून ठेवली. संख्याशास्त्राचे यशराज सर तरुण, कानाला फोन लावून वर्गात शिरणारे. शिरले, टोपी पाहिली, लाल पेन पाहिलं, आणि उलट्या पावली बाहेर गेले. परत आले तेव्हा शर्ट आत खोचलेला होता आणि हातात डस्टर होतं.

त्या महिन्यात कॉलेजात मूल्यांकन समिती येणार अशी हवा होती. कधी येणार, कोण येणार, ते कुणाला ठाऊक नव्हतं. यशराज सरांनी ओळखलं, की हेच ते, न सांगता आलेत. रघुनाथरावांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना वाटलं, काय सालस माणूस आहे!

"आपल्याला पंखा लावू का, सर?" सर विचारायचे.

"नको, नको. तुम्ही चालू द्या," रघुनाथराव म्हणायचे आणि वहीत काहीतरी लिहायचे. ते सरासरीपासून सुरू करून विचलनापर्यंत असं शिकवायला लागले, की कॅन्टीनमधली मुलंसुद्धा वर्गात येऊन बसली. आता रघुनाथरावांना कीर्तनाची सवय. बुवांनी अवघड गोष्ट उलगडून समेवर आणली की दाद द्यायची. सरांनी फळाभर आकडेमोड करून शेवटी उत्तराखाली दोन रेघा मारल्या की पहिल्या बाकावरून आवाज यायचा, "रामकृष्ण हरी!" पहिल्या दिवशी वर्ग हसला. आठवडा सरताना सगळा वर्गच एका सुरात "रामकृष्ण हरी" म्हणायला लागला, आणि सरांना वाटलं, ही नवीन अध्यापनपद्धती समितीला आवडलेली दिसते.

तास संपला की रघुनाथराव पहारा बदलताना वाकतात तसे सरांच्या पायाशी वाकायचे. सर घाबरून त्याहून खाली वाकायचे. मग दोघांनी एकमेकांना धरून उभं करायचं. मुलं ते दृश्य बघायला थांबायची.

हजेरीचा कागद बाकावरून फिरत यायचा. वैदेहीच्या नावापुढं रघुनाथराव सुवाच्य अक्षरात लिहायचे, "करिता, वैदेही", आणि खाली आपली वळणदार सही, तारखेसकट. घरी मात्र कुणाला पत्ता नव्हता. आबांनी अर्ज दिला आणि तो मंजूर झाला असणार, असं समजून वैदेही निवांत प्रॅक्टिकल करत होती.

मग पत्र आलं. पाकिटातलं, शिक्क्याचं. "जादा तासांच्या हजेरीपत्रकात आपल्या नावापुढे अन्य व्यक्तीच्या सह्या आढळल्या आहेत. आपला प्रवेश रद्द का करण्यात येऊ नये, याचा खुलासा पालकांसह शिस्त समितीपुढे करावा."

वैदेहीनं ते उभ्यानं वाचलं. मग आजोबांकडं पाहिलं. ओरडली नाही, रडली नाही. पत्र त्यांच्या हातात दिलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं. ओरडली असती तर बरं, असं रघुनाथरावांना झालं.

"म्हंजी तुमी रोज तितं जाऊन बसत व्हता?" अनसूयाबाईंनी कमरेवर हात ठेवले. "मला वाटलं, लाजंकाजं गुडघ्याला औषध घ्यायला जातायसा."

"मी फसवलं असतं तर तिचंच नाव लिहिलं असतं," रघुनाथराव चिडून म्हणाले. "मी 'करिता' लिहिलंय! खाली सही माझी. तारीख आहे. इतकी सरळ सही त्या कॉलेजात कुणी केली नसेल."

"व्हय, आन् त्या सरळ सहीनं पोरगी वाकडी झाली."

मानसिंगरावांनी पत्र वाचून मिशीवरून बोट फिरवलं. "आबा, ह्ये आता उताऱ्याचं ऱ्हायलं न्हाय. ह्ये काटा मारल्याचं प्रकरण झालं." मग माणूस मनानं मोठा, म्हणाला, "भ्यायचं न्हाय. माजी जीप हाय. आमी येतो संगं. बुवांचा दाखला घ्या. देवाच्या कामापायी पोरगी गैरहजर व्हती म्हनल्यावर कोन काय बोलंल?"

महिपतीबुवांनी मंडळाच्या छापील कागदावर दाखला लिहिला आणि वैदेहीच्या हजेरीचाच पुरावा असल्यासारखी वीणाही बरोबर घेतली. जीपमध्ये वीणा पुढच्या सीटवर, माणसं मागं. प्राचार्यांच्या खोलीत तिला टेकवायला जागा सापडेना, म्हणून बुवा ती गळ्यात घालूनच खुर्चीत बसले. त्यांनी मान हलवली की तार वाजायची.

प्राचार्य थकलेले पण सभ्य गृहस्थ. एका बाजूला राजेश्वरी मॅडम, दुसऱ्या बाजूला यशराज सर, शर्ट आत खोचलेला. प्राचार्यांनी हजेरीपत्रक पुढं सरकवलं. "ही सही कुणाची?"

"माझी," रघुनाथराव म्हणाले. "करिता."

"असं कुणाकरता बसता येत नाही हो."

"मग तुम्ही सुट्टीवर असलात की तुमच्या कागदावर कोण सही करतं?"

प्राचार्य यशराज सरांकडं वळले. "सर, एक वयस्कर गृहस्थ रोज तुमच्या वर्गात बसतायत, तुम्हाला काही वाटलं नाही?"

यशराज सरांचा चेहरा उतरला. "मला वाटलं... मूल्यांकन समितीचे आहेत, सर."

टुंग, अशी तार वाजली. बुवांना हसू आवरलं नव्हतं.

"आणि चांगलं शिकवतात हो," रघुनाथराव मनापासून म्हणाले. "मला विचलन समजलं. पाळीला कुणाला पाणी जास्त, कुणाला कमी, तसंच ते." यशराज सर लाजले. प्राचार्यांनी कपाळावरून हात फिरवला.

"सही लपवून केलेली नाही, हे मान्य," ते शेवटी म्हणाले. "त्या सह्या रद्द करू, प्रवेश राहील. पण मग हजेरी कमीची कमीच. न्यासाची मदत बंद."

"दाखला द्या, बुवा," मानसिंगराव पुटपुटले.

बुवांनी दाखला दिला. राजेश्वरी मॅडमनी तो मोठ्यानं वाचला. सदर मुलीनं सप्ताहात स्वतःच्या हौसेनं, ओढीनं, वडीलधाऱ्यांपाशी हट्ट धरून वीणासेवा केली, मंडळ तिचं कौतुक करतं. वाचून त्यांनी तो खाली ठेवला.

"अडचण अशी आहे, काका. स्वखुशीनं गैरहजर राहिलं तर सवलत नाही. उलट या दाखल्यानं तेच सिद्ध होतंय. घरात कुणाचं आजारपण असतं, आणि मुलगी त्यासाठी राहिली असती, तर नियमात जागा आहे. एका सत्राची संधी मिळते. मदत चालू, पुढच्या सत्रात हजेरी पुरी करायची, बस." त्या वैदेहीकडं वळल्या. "होतं का घरी कुणी आजारी?"

वैदेहीनं आजोबांकडं बघितलंसुद्धा नाही. "नाही, मॅडम. माझीच हौस होती."

रघुनाथरावांनी आजूबाजूला पाहिलं. एका बाजूला मानसिंगराव, म्हणजे संध्याकाळपर्यंत अख्खं लासुर्णं. दुसऱ्या बाजूला बुवा, म्हणजे पहाऱ्याचा फळा आणि खडू. आणि समोर ती पोर, जी उन्हाच्या वेळी त्यांच्या जागी उभी राहिली होती आणि अजूनही उभीच होती, वीणा नसली तरी. तिसरं वर्ष सोडून द्यायला निघाली होती, आजोबांची दुपार झाकायला.

"खोटं बोलतेय ती," रघुनाथराव म्हणाले. "हौस नव्हती. माझा गुडघा गेलाय. मला उभं राहता येत नाही. सप्ताहाच्या आधीपासून येत नाही. ती माझ्या औषधाला राहिली, आणि मग माझी लाज राखायला उभी राहिली. बुवा, मी तुमच्याशी खोटं बोललो, आणि तुम्ही ते माइकवरून सांगितलंत."

बुवांची तार वाजली नाही.

"डॉक्टरचा दाखला लागेल," मॅडम हळूच म्हणाल्या.

"आणतो," असं म्हणून रघुनाथराव ताठ मानेनं उठायला गेले, आणि खुर्ची खोल असल्यामुळं अर्ध्यातच अडकले. ना वर, ना खाली. प्राचार्य धावले, यशराज सर धावले, मानसिंगराव "हां, आबा, हां, जोर लावा" म्हणत काखेत हात घालायला लागले, बुवा पुढं झाले तशी वीणेची खुंटी प्राचार्यांच्या चष्म्यात अडकली. सगळ्यांनी मिळून त्यांना उभं केलं तेव्हा राजेश्वरी मॅडम कागदावर लिहीत होत्या.

"दाखला नंतर आणा," त्या म्हणाल्या. "समितीनं समक्ष पाहिलं."

वैदेहीला एका सत्राची संधी मिळाली. अट एकच, की आता हजेरी चुकायची नाही. ट्रॉली असो, पाहुणे असोत, सप्ताह असो. येताना जीपमध्ये जंक्शनपाशी रघुनाथराव म्हणाले, "बुवा, फळ्यावरचं नाव पुसून टाका." बुवांनी पुढच्या सीटवरची वीणा सरळ केली.

वैदेहीनं पहिली एस.टी. धरायला सुरुवात केली, ट्रॉल्या रस्त्यावर यायच्या आत. तिसऱ्या वर्षाला गेली, हजेरी भरली, मदत चालू राहिली, आणि बघता बघता पुन्हा माघ आला.

सप्ताह बसला. रघुनाथराव काठी टेकत मंडपात गेले. फळ्यावर दुपारच्या पहाऱ्यापुढं त्यांचं नाव तसंच होतं. त्यांना वाटलं, बुवा पुसायला विसरले. पंगती उठल्या. मंडळी आडवी झाली. आधीच्या वीणेकऱ्याची वेळ संपली आणि तो इकडंतिकडं बघायला लागला. मिहिर ड्यूटीवर. वैदेही निघताना दारात घुटमळली होती, तिला अनसूयाबाईंनी "चल, व्हय फुडं, पंच्याहत्तर टक्के" म्हणून रस्त्याला लावलं होतं. रघुनाथरावांनी खुर्चीच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवले आणि दात आवळून जोर लावला.

"बसा खाली."

स्वयंपाकाच्या मांडवातून अनसूयाबाई येत होत्या. पदराला हात पुसत, कोपरापर्यंत पीठ.

"अगं, पण पहारा..."

"घराचा पहारा हाय न्हवं? जलमभर सांगता, घरातलं कुनीबी चालतंय. मग? मी घरातली न्हाय व्हय?"

रघुनाथराव पुन्हा खुर्चीत बसले. मुलगा, नात, भावाचे मुलगे, लांबचे पुतणे, एवढ्या जणांची मोजणी त्यांच्या डोक्यात होती. चाळीस वर्षांच्या संसारात ह्या एका माणसाचं नाव त्या मोजणीत कधी आलंच नव्हतं. अनसूयाबाई वीणेकऱ्याच्या पाया पडल्या, तो त्यांच्या पाया पडला, वीणा गळ्यात आली. त्या उभ्या राहिल्या. आवाज भसाडा, ताल स्वतःचा, पण नाम तुटलं नाही. कुत्रं उठून त्यांच्या पायाशी येऊन बसलं.

पहारा संपेस्तोवर रघुनाथराव काठी टेकत फळ्यापाशी गेले होते. खडू घेऊन त्यांनी आपल्या नावाआधी सुवाच्य अक्षरात 'करिता' लिहिलं आणि शेजारी जागा सोडली. अनसूयाबाई वीणा दुसऱ्याच्या गळ्यात घालून आल्या, तसा खडू पुढं केला.

"सही कर."

"सही कशाला?" त्या पदरानं कपाळ पुसत म्हणाल्या. "मी उभी व्हते न्हवं?"

आणि भाकरी थापायला परत गेल्या.

तर चहा झाला, मंडळी. घ्या, कप पुढं करा. फुंकून प्या. माझं मागणं एवढंच, की माघात कधी या रस्त्यानं जाताना भर दुपारी सप्ताहाचा मंडप दिसला, आत माइकची घरघर आणि एकटंच कुणीतरी वीणा घेऊन उभं दिसलं, तर आमच्या अनसूयाबाईंची आठवण ठेवा. गाडी थांबवून दोन मिनिटं आत जा, त्या माणसासमोर हात जोडून उभे राहा. तुमची हजेरी कुणी मांडणार नाही. पण तुम्ही उभे होतात, हे त्याला ठाऊक असेल.